दादाराव पाटलांनी न दिलेली गाडी

दादाराव पाटलांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांना नाकेदार समजलो होतो. त्यांच्या गावी मराठी शाळा चालवण्यासाठी मी नगरहून बैलगाडीने निघालो होतो. मोगलाईची हद्द लागली, कडे हे गाव मागे पडले आणि माळावर पिळदार मिशांच्या एका गृहस्थांनी काठी आडवी धरून गाडी थांबवली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांनी जीव आधीच मेटाकुटीला आला होता. मी मुकाट्याने पेटी उघडू लागलो.

"पेटी झाका, मास्तर," ते म्हणाले. "गाडी खालच्या वगळीनं न्या. म्होरं माळढोकाची मादी अंड्यावर बसलीय."

ओढ्याच्या त्या वगळीतल्या खाचखळग्यांत गाडीचे आणि माझे कंबरडे सारखेच खिळखिळे झाले. मी मनात चार शेलक्या शिव्या दिल्या आणि त्या वेळी त्या रास्तच होत्या.

पाटलांना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून हा ग्रंथ निघत आहे. त्यांनी दुरुस्त केलेली बारव, दुष्काळात चालवलेले अन्नछत्र यांवर इतर मंडळी लिहितीलच. मीही असेच काही निरुपद्रवी लिहावे, असे संपादकांनी सुचवले आहे. पुस्तक इंग्रजी हद्दीत छापले जाणार असले तरी वाचले जाईल मोगलाईत, ही त्यांची काळजी मला समजते. पण पाटलांविषयी निरुपद्रवी लिहायचे तर पाटील सोडून लिहावे लागेल.

माळढोक आमच्याकडे कुणी मुद्दाम पाहायला जात नाही. कुळव चालू असला की तो शेताकडेने नाकतोडे टिपत असतो, गवतावर त्याची पांढरी मान तेवढी उभी दिसते. पावसाची चाहूल लागली की नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते गेले की तिचा तो हंगाम गेला. पायी माणूस दिसला तर हे पाखरू लांबूनच निघून जाते. बैलगाडीला मात्र ते भीत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या गाडी शेजारून गेली आणि त्याचे काही वाकडे झाले नाही. शिकाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून ते गावची गाडी वेठीला धरतात आणि कडब्याआड बंदूक घेऊन बसतात. याला शिकार म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

पाटलांनी पहिले भांडण काढले ते गावाशीच. उन्हाळ्यात माळ पेटवायची आमच्याकडे रीत. त्याने गवत जोमाने येते म्हणतात. त्यात लवकर घातलेली अंडी भाजून निघत. पाटलांनी ती रीत बंद केली, तेव्हा सख्ख्या मेहुण्यांनीच त्यांना पाखरांचा पुळका आल्याचे टोमणे मारले. पाटलांनी मेहुण्यांना पोटभर जेवू घातले, पण माळ पेटवू दिला नाही.

पुढे एका वर्षी उन्हाळा सरता सरता एक बडे अंमलदार शिकारीसाठी मुक्कामाला आले. चपराशी गाडीचा हुकूम घेऊन आला. गावकऱ्यांनी युक्ती काढली. उन्हाने चाके सुकून त्यांच्या लोखंडी धावा ढिल्या होतात, म्हणून ती पाण्यात भिजत घालायची पद्धत आहेच. त्यांनी गावातली सगळी चाके डोहात टाकली. चाकेच नाहीत, तर गाडी कुठली? पाटलांना हे कळले तेव्हा ते संतापले.

"खोटं कशापायी बोलायचं?" त्यांनी विचारले. "आज चाकं भिजाय घातली म्हणाल. पावसाळ्यात काय सांगाल?"

त्यांनी चाके काढायला लावली, गाड्यांना जोडली आणि सगळ्या गाड्या चावडीसमोर ओळीने उभ्या केल्या. मग ते अंमलदारांपुढे गेले, त्यांना बसवून घेतले, पाणी दिले. मी शेजारीच होतो. 

"गाड्या हायत, सरकार. देणार न्हाई. ते पाखरू आमच्या गाडीला भीत न्हाई, कारण आमी त्याला कधी दगा दिला न्हाई. आमच्या गाडीतनं तुमी गोळी घातली, तर दगा आमचा ठरंल."

अंमलदार पायीच माळावर गेले आणि हात हलवत परतले. पाटलांना आष्टीच्या तालुका कचेरीत डांबण्यात आले. पिढीजात पाटीलकी गेली, ती चुलतभावाला मिळाली. त्याच वर्षी परवानगी नसल्याचे निमित्त काढून माझ्या शाळेलाही कुलूप लागले. सुटून आल्यावर पाटलांनी स्वतःचे बैल बाहेर लिंबाखाली बांधले आणि गोठ्यात शाळा भरवली. हुद्दा गेल्याबद्दल त्यांनी माझ्यापाशी कधी हळहळ व्यक्त केली नाही. मला मात्र त्याचा राग आहे आणि तो जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

यंदा गाडीचा हुकूम पुन्हा आला आहे. नव्या पाटलांनी, म्हणजे त्या चुलतभावांनी, तो मान्यही करून टाकला. त्यावर त्यांच्याच थोरल्या मुलाने घरची गाडी जुंपायला नकार दिला आणि गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याने तेच उत्तर पाठवले. कुणी चाके लपवली नाहीत. दादारावांना विचारायलाही कुणी गेले नाही.

दादारावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. माळढोकावर ज्यांचा डोळा आहे त्यांनीही आता हीच प्रार्थना करावी, कारण या गावात हुकूम पाठवणाऱ्यांना स्वतः बसवून घेऊन, पाणी देऊन, मग नाही म्हणणारे पाटील एकटेच आहेत. बाकीचे आम्ही उभ्या उभ्याच नाही म्हणून सांगू.