उरलेल्या गोळ्यांचा डबा

मैत्रिणींनो, आज मला माझीच शिसारी आलीय, म्हणून लिहितेय.

माझी धाकटी जाऊ सुमन आमच्याबरोबरच अष्टमी गावात राहते. तिला मायस्थेनिया आहे. यात स्नायू लवकर दमतात, कधी श्वासाचेसुद्धा. म्हणून रोज पूजा झाली की मी तिला एका श्वासात आकडे मोजायला लावते. तीसपर्यंत सहज जाते.

आज बारालाच थांबली. आवाज नाकातून येत होता आणि मान हाताने सावरून धरली होती.

शेजारच्या काकूंनी तिच्या बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं. "सत्त्याण्णव हाय गो! काय नाय झालं. कामाच्या वेळेलाच हिला बरा दम लागतो!"

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताबडतोब गाडी बोलावली आणि तिला पेणच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "मशीनवरचा आकडा सगळ्यात शेवटी खाली येतो. त्याची वाट बघितली नाहीत, बरं केलंत. नवीन औषध काही दिलंत?"

दिलं होतं. तिला खोकला होता, आणि ह्यांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या. वाया कशाला घालवायच्या, म्हणून दोन दिवस तीर्थाबरोबर मीच दिल्या. या आजारात काही अँटिबायोटिक गोळ्यांनी श्वासाचे स्नायू आणखी दमतात, आणि ही गोळी त्यातलीच निघाली. चालत नाहीत अशा औषधांची यादी तिच्या फाईलमध्ये होती. मी उघडलीच नाही.

सुमन आयसीयूत आहे, तोंडावर मास्क आहे. काकूंनी नुसतं तोंड वाजवलं. गोळी माझ्या हाताने गेली.

तुमच्या डब्यात कोणाच्या गोळ्या उरल्यात?