कडुनिंबाला पत्र्याची सावली

नगररचनेचे शिक्षण घेतलेल्या बाईने नगरसेविका व्हावे, अशी नांदेडात कोणाचीच योजना नव्हती. प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, दोन पतिराज आपापल्या पत्नीच्या उमेदवारीवरून हातघाईवर आले, आणि भांडण मिटावे म्हणून पक्षाने मला उभे केले. मी मूळची लातूरची. टँकरच्या पाण्याचा गंजका वास नाकात घेऊन वाढले. पाणी वाया जाताना पाहिले की मला आजही अंगावर ओरखडा उठल्यासारखे होते. निवडून आल्यावर लोक दारात येत आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारत, "साहेब हायेत का?" साहेब, म्हणजे माझे यजमान, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. प्रभागातल्या गटारींविषयीचे त्यांचे अज्ञान संपूर्ण आणि निष्कलंक होते.

रुंद व्हायच्या रस्त्याच्या वाटेत एक जुना कडुनिंब उभा होता. चैत्रात तो फुलला की सगळी गल्ली त्या कडसर-गोड वासात बुडून जाई. सभागृहात मी नकाशा उलगडला, रस्ता थोडा वळवला तर झाड वाचते हे दाखवले, मुळांवर आणि भूजलावर तळमळीने बोलले. सभागृहाने शांतपणे चहा घेतला, आणि खोडावर लाल फुली उमटली.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या बायकांनी बुंध्याशी एक दगड मांडला, त्याला शेंदूर लावला आणि माहूरच्या रेणुकेचे नाव घेतले. ठेकेदाराने चप्पल काढून नमस्कार केला व यंत्र परत नेले. रस्ता वळला; अगदी माझ्या नकाशाबरहुकूम वळला. वर्तमानपत्राने मला 'पर्यावरणस्नेही' ठरवले.

मग देवीची समिती झाली. तिच्यात बायका अर्थातच नव्हत्या. त्यांनी फक्त देवी आणली होती. अध्यक्ष झाले गल्लीतले एक निवृत्त अधिकारी, ज्यांना सगळे काका म्हणत. समितीने बुंध्याला चिकटून सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर काळा ग्रॅनाइट बसवला, भोवती फरसबंदीचे गट्टू अंथरले, वर पत्र्याचा मांडव घातला. पत्र्यावर पाला पडून घाण होते, म्हणून फांद्याही छाटल्या. दोन उन्हाळ्यांत झाडाचा शेंडा वाळला. खोडावर तळवा ठेवला तर साल पापुद्र्यासारखी हाती येई. आणखी एक उन्हाळा ते काढणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होते.

"काका, मुळांपर्यंत पाणीच जात नाही. ओटा फोडावा लागेल."

"मॅडम, झाडासाठीच तर केलं की सगळं! उन्हात उभं होतं बिचारं. आता सावली हाय त्याला."

"झाडाला सावली?"

"मग! आन् तुमची निवडणूक तोंडावर आलीय. देवीच्या ओट्याला हात लावून कशाला जाता घरी?"

सल्ला प्रामाणिक होता. पक्ष कार्यालयातही मला तोच मिळाला, सोबत बिस्किटे.

नवरात्र बसले. आमच्याकडे या दिवसांत बायका पहाटे तांब्या घेऊन देवीला पाणी घालायला जातात. मीही गेले. भाषण केले नाही. पाणी ओतले आणि ते कुठे जाते ते पाहत नुसती उभी राहिले. गुळगुळीत ग्रॅनाइटवरून ते लगबगीने निघाले, कोपऱ्यातल्या नळीत शिरले आणि पलीकडे गटारीत पडले. शेजारच्या मावशींची नजर माझ्या नजरेमागून गेली.

"अगं बाई! हे तर गटारीत चाललंय!"

"कुठं?"

"हे काय, बघ की! इतके दिस आपण देवीला न्हाई, गटारीला पाणी घालून राहिलो!"

"कुणी केलं हे?"

"समितीनं, दुसरं कोण? बोलवा त्या काकाला."

काका बनियनवर आले, तोंडात दात घासायचा ब्रश. उतार काढल्याशिवाय फरशी कशी बसत नाही, हे ते फेस सांभाळत समजावू लागले. तोवर त्यांच्याच सुनेने घरातून पहार आणली होती. पहिली फरशी फुटली, तसा खालून वर्षानुवर्षे बंद असलेल्या खोलीसारखा कोंदट वास आला. त्या भगदाडात मावशींनी तांब्या रिता केला. मातीने ते पाणी आवाज करीत पिऊन टाकले.

बायकांना मी फितवले, असा निष्कर्ष समितीने काढला. प्रथमच तिचे काही बरोबर आले. पक्षाने उमेदवारी काकांच्या सुनेला दिली. पहार तिनेच आणली होती, ही बाब पक्षाला मुळीच अडचणीची वाटली नाही. ती निवडून आली आणि पहिल्याच महिन्यात तिने मांडवाचा पत्रा उतरवला. मी माजी झाले.

फाल्गुनाच्या अखेरीस पूर्वेकडच्या फांद्यांवर तांबूस, ओलसर पालवी फुटली. उरलेले अर्धे झाड वाळले ते वाळलेच. परवा तिथून जाताना काकांनी हाक मारली. ते खुर्ची घेऊन पालवीखालच्या विरळ सावलीत सरकत होते.

"मॅडम, सावली एकाच अंगाला पडते हो. बसायला जागा पुरत न्हाई. त्या बाजूनं जरा पत्रा टाकावा म्हणतो."

"मग टाका की. आता नगरसेविका तुमच्याच घरात आहे."

काकांनी घराच्या दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"तुम्हीच सांगून बघा ना तिला. माझं ऐकत न्हाई ती."