पांढुर्ण्याच्या बाजारात राहिलेली आई

सहल नेणाऱ्या माणसानं माझ्या आईला फसवलं. मध्य प्रदेशात पांढुर्ण्याच्या बाजारात दोन तास मोकळे देईन, हे मी त्याच्याशी भांडून कबूल करून घेतलं होतं. त्यानं दीड तासातच बस काढली. मी लवकर येऊन मागे बसलो होतो. बायका पुढे होत्या.

"माझी आई आली का?" मी मागून विचारलं.

"बायांच्या साऱ्या शिटा भरल्या, काका," तो पुढून म्हणाला.

एसटीत धरतो तशी आईनं बाजारात उतरताना रुमाल टाकून जागा धरली होती. त्यानं तो रुमालही माणसांत मोजला.

हे कळलं तेव्हा बस महाराष्ट्रात शिरली होती. आईला वाचता येत नाही, तिच्याजवळ फोनही नव्हता. तो बस वळवेना. मी उतरून एका ट्रकनं मागे गेलो.

बस उभी होती तिथंच आई उन्हात बसली होती.

"मी तं टायमावरच आलती, बापा. तू मले सोडून काऊन गेला?"

मी तिला पाणी पाजलं आणि घरी आणलं. तो सहलवाला मात्र अजून सांगत फिरतो, चूक म्हातारीचीच. मग त्यानं आमच्या घरी यावं आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यासमोर बसून द्यावं.