संमतीपत्रातलं चौथं वाक्य

मी पुण्याला निघाले त्या सकाळी करुणाचे पाय दुखायला लागले होते. करुणा माझी धाकटी बहीण. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणं सुरू झालं की ती रडत नाही, उशीचं टोक दातात धरून भिंतीकडे तोंड करते. आई तिचे गुडघे गरम फडक्यानं शेकत बसली होती. ते पाहून मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. आई वर न बघताच म्हणाली, "बॅग कायले ठेवली? तू राहिली म्हणून तिचं दुखणं थांबणार आहे का? जाय."

बाबांनी मोटारसायकलवर दवनीवाड्याहून गोंदिया स्टेशनला सोडलं. बाबा राइस मिलमध्ये कामाला आहेत, बोलणं मोजकं. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "पोहोचली की फोन कर." तेवढंच.

पुण्यात मी पीएच.डी.साठी आले होते, तेही सिकलसेलवरच. मुलाखतीत विषय का निवडला असं विचारलं, तेव्हा मी विदर्भातल्या रुग्णांबद्दल बोलले. बहिणीबद्दल बोलले नाही. पहिल्या महिन्यात मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला एक साधी तपासणी करायला लावली. रुग्णाच्या रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, ऑक्सिजन कमी करणारं रसायन टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं. थोड्या वेळात गोल, मऊ पेशी ताणल्या गेल्या, टोकदार झाल्या, विळ्यासारख्या वाकल्या. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात आणि माणूस दुखण्यानं तळमळतो, हे मी परीक्षेत कितीदा लिहिलं होतं. पण करुणाच्या गुडघ्यात नेमकं काय होतं ते मला त्या दिवशी दिसलं.

पुढचं काम चिकाटीचं होतं. रुग्णांनी दिलेल्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढायच्या, फ्लास्कमध्ये वाढवायच्या, त्यांच्यापासून तांबड्या पेशी तयार करायच्या आणि मग कुठल्या औषधानं त्यांचं वाकणं कमी होतं ते तपासायचं. दर दोन दिवसांनी त्यांचं खाणं बदलावं लागतं. माझी पहिली खेप बुरशी लागून गेली. मॅडम रागावल्या नाहीत, फ्लास्क उजेडात धरून म्हणाल्या, "हे कोणीतरी सुई टोचून घेऊन दिलेलं आहे, एवढं लक्षात ठेव." मी "करून राहिले", "पाहून राहिले" म्हणाले की लॅबमधल्या मुली हसायच्या. सहा महिन्यांत मी "करतेय", "बघतेय" म्हणायला लागले. घरी फोनवर मात्र जीभ आपोआप वळायची.

दुसऱ्या वर्षी आम्हाला रक्ताचे नवे नमुने हवे होते. मॅडमनी संमतीपत्र मराठीत लिहायचं काम मला दिलं. करुणाबद्दल त्यांना एव्हाना माहीत होतं, म्हणून घरच्यांचे नमुने घ्यायचे नाहीत, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. पण म्हणाल्या, "सुट्टीत जाते आहेस तर कागद गावात वाचायला दे. समजत नसेल तर आपण चुकीचं लिहिलंय." त्या कागदातलं चौथं वाक्य होतं: हा आजार मुलाला आई आणि वडील या दोघांकडून येतो.

ते टाइप करताना मला आमचं घर आठवलं. आमच्या घरी हा आजार आईकडचा मानला जायचा. करुणा दोन वर्षांची असताना तपासणीत कळलं, तेव्हापासून शेजारी राहणारी आत्या म्हणायची, "आपल्या घराण्यात असं नव्हतं बाप्पा. हे तिच्या माहेरचं." बाबा ऐकायचे आणि गप्प राहायचे. आईही गप्प राहायची. आणि मी? बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच मला खरं कळलं होतं. सांगू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. बाबांसमोर असं बोलायची सवय नव्हती, बस.

सुट्टीत घरी गेले. कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं. आई तांदूळ निवडत होती. चौथ्या वाक्याशी ते थांबले, परत वाचलं.

"हे बराबर आहे?"

"हो."

"म्हणजे माह्याकडूनबी."

"हो बाबा. एकट्या आईकडून आला असता तर करुणा आजारी नसती पडली."

त्यांनी घडी घालून कागद मला दिला आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सुट्टी टाकून सरकारी दवाखान्यात तपासणीला रक्त देऊन आले. "मले काय झालं आहे?" म्हणत इतकी वर्षं ते टाळलं होतं. अहवालात ते वाहक निघाले, म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण आजार मुलांकडे जाऊ शकतो. तो कागद घेऊन ते सरळ आत्याच्या अंगणात गेले, मी मागे.

"बाई, करुणाचा आजार माह्या रक्तातूनबी आला. आपल्याच घराण्यातून. आता तिच्या मायले काई म्हणायचं नाही."

आत्या सूप हातात घेऊन उभी राहिली. "मले काय माहीत होतं?"

"मलेबी नव्हतं. पण मी आयकत बसलो ना."

मला वाटलं, आईला आता हलकं वाटेल. घरी येऊन बाबांनी तिला सांगितलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली. "पंधरा वरसं मी आयकलं. तुले कवापासून माहीत होतं?"

"कॉलेजला गेले तेव्हापासून."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा डबा भरून दिला, पण दारापर्यंत आली नाही.

याला आता वर्ष झालं. करुणा रोजची गोळी घेते, दुखणं पूर्वीपेक्षा कमी आहे. बाबा गोंदियाहून औषध स्वतः आणतात. मी दवनीवाड्याला परत राहायला जाईन असं वाटत नाही, तिथं माझ्या कामाची प्रयोगशाळा नाही. गाव सोडून आलेले आम्ही सगळेच तिकडच्यांना निम्मं सांगतो. त्यांना समजणार नाही, त्रास होईल, असं आपणच ठरवतो. मीही तेच करत होते.

आता रविवारी आईचा फोन येतो आणि ती विचारते, "या आठवड्यात काय पाह्यलं?" मी सांगते: पेशी, औषध, काय फसलं, काय जमलं. मध्येच थांबून विचारते, "समजून राहिलं का, आई?"

"नाही," ती म्हणते. "तरी सांग."