नदीकडे पाठ असलेलं घर

लिओनेल आणि मी पोर्तोत एकाच वर्गात वास्तुकला शिकलो. माझी रेखाटनं त्याच्यापेक्षा देखणी असायची. हे मी नाही, आमचे सर म्हणायचे. तरी मासिकांत फोटो येतो तो त्याचाच. आणि वीस वर्षांत केलंय काय त्यानं? एका गावातलं धुण्याचं टाकं दुरुस्त केलं, एका दफनभूमीची भिंत बांधली, दोन शाळांची छपरं बदलली. लिस्बनला पारितोषिक घेताना म्हणाला, "मी आधी काही बांधत नाही. माणसं कुठे बसतात ते बघतो." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट! माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

पण खरा तिळपापड झाला तो या वर्षी. डोरो नदीच्या उतारावरचं आमचं घर नव्यानं बांधायचं ठरलं. मी आराखडा केला: जेवणघराची अख्खी भिंत काचेची, समोर नदी, खाली द्राक्षांचे मळे. आईनं तो बघितला, घडी घातली आणि लिओनेललाही एक करायला सांगितलं. त्याच्या कागदावर नदीकडे नुसती दगडी भिंत होती, आणि गल्लीकडे एक बुटकी खिडकी. आई म्हणाली, "हे माझं घर." पोटची मुलगी वास्तुकार असताना!

आढं चढलं त्या दिवशी रीतीप्रमाणे गवंड्यांना जेवण होतं. आढ्याला तमालपत्राची फांदी बांधली होती. खाऱ्या माशाचं ताट घेऊन मी वाढत होते आणि आतून धुमसत होते. शेवटी गल्लीकडच्या खिडकीशी बसलेल्या आईला गाठलंच.

"आई, इथून नदी दिसत नाही तुला."

"कशाला दिसायला हवी? चाळीस वर्षं त्या उतारावर द्राक्षांच्या पाट्या वाहिल्या मी. आता जेवतानाही तेच बघू? इथून कसं, कोण आलं, कोण गेलं, सगळं कळतं!"

मी लिओनेलकडे वळले. "छान पटवलंस रे म्हातारीला! कधी येऊन चौकशी केलीस?"

तो ओशाळला. "काकूंना मी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या वर्षाला असताना तूच म्हणाली होतीस ना, आई जेवताना नेहमी नदीकडे पाठ करून बसते?"

म्हटलं असेन. माझ्या लक्षात नव्हतं. पारितोषिकाच्या वेळी वाटला नव्हता इतका हेवा मला तेव्हा वाटला.