झाकलेली नोंद

"१४ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग. सकाळी अंगणात दंव. दुपारी रेजाँ एकटाच आला. टर्की ओव्हनमध्ये होती तेव्हा वीस मिनिटं कॉम्प्युटरपाशी बसला. म्हणाला, मेन्यू साफ करतोय."

कॅनडात, सडबरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात ओडेट शार्बोनोने ही नोंद पुन्हा वाचली, तेव्हा महिना होत आला होता. शाळेत नन्सच्या हाताखाली असल्यापासून ऐंशीव्या वर्षापर्यंत तिने डायरीचा एक दिवस चुकवला नव्हता. आणि गेले चार आठवडे तिला वाटत होतं, आपलं डोकं कामातून चाललंय.

त्या सोमवारनंतर मेन्यूतून मेलचा प्रोग्रॅम नाहीसा झाला होता. त्यातून ती बहिणीला, जुन्या शेजारणींना कळवायची, की मुलगा रेजाँ मला वृद्धाश्रमात घालायला निघालाय. फोनवर विचारलं तर रेजाँ म्हणाला, "तूच उडवलंस, मामाँ. आणि आता आठवतही नाही! म्हणूनच म्हणतो, एकटीनं राहायचे दिवस गेले." शुक्रवारी तो सहीचे कागद घेऊन येणार होता. तिनेही मनातून सही करून टाकली होती.

पण ही वीस मिनिटं?

तिचा दिवंगत नवरा ऑरेल निकेलच्या खाणीत कॉम्प्युटर सांभाळायचा. घरचा कॉम्प्युटरही त्यानेच जुळवलेला. नको ते प्रोग्रॅम मेन्यूत दिसले की म्हणायचा, "उडवायचं नाही गं, झाकायचं. उडवलेलं पुढच्या अपडेटला परत उगवतं." मग त्या प्रोग्रॅमच्या मेन्यूतल्या नोंदीची प्रत आपल्या फोल्डरात ठेवून तिच्यात एकच ओळ घालायचा, 'दाखवू नये' अशा अर्थाची.

तिने ते फोल्डर उघडलं. ऑरेलने झाकलेल्या नोंदी सात-सात वर्षं जुन्या. सगळ्यांत वर मेलची. तारीख १४ ऑक्टोबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

शुक्रवारी रेजाँ आला. तिने मॉनिटर त्याच्याकडे वळवला, शेजारी डायरी उघडी ठेवली.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"तुझ्या बापानं. तुला शिकवलं त्याच टेबलावर."

"मामाँ, गावभर लिहीत सुटली होतीस तू. लोक मला दुकानात अडवून विचारायला लागले!"

"मग बंद कर म्हणायचंस. भांडलो असतो आपण. मी विसरते असं कशाला सांगितलंस? महिनाभर तीन-तीनदा उठून शेगडी तपासतेय रे मी."

"वाटलं, तुला कळणार नाही."

"हे मात्र खरं बोललास. कागद उचल."

त्याने कागद उचलले, कोट चढवला. दारात थबकला. "नाताळला येऊ ना?"

"फोन करून ये."

तो गेल्यावर तिने ती ओळ खोडली. मेल मेन्यूत परत आला. बहिणीचं नाव घालून ती बराच वेळ बसली आणि काहीच न लिहिता उठली.

मग डायरी ओढली. "१५ नोव्हेंबर, शुक्रवार. वाटाण्याचं सूप दोघांपुरतं केलं होतं. अर्धं फ्रीझरमध्ये ठेवलं."