दरसाल मोडणारा दांडा

कुसुमआत्या गेल्याचा फोन वरूडहून आला, तेव्हा मी चांदूर रेल्वेला बाबांकडेच होते. धाकटी बहीण गेली म्हटल्यावर माणूस काय विचारील? कशानं गेली, कधी नेणार... बाबांनी विचारलं, "कुराड तिच्यापाशीच राह्यली काय?" भावाबहिणीचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी मला त्यांचा रागच आला.

अबोल्याला कारण शेतातली पांधण. शेजारी म्हणायचा, ही बैलगाडीची वाट सगळ्यांची आहे. बाबा म्हणायचे, माझी आहे. तलाठी चौकशीला आला तेव्हा आत्यानं खरं तेच सांगितलं, की वाट पहिल्यापासून सगळ्यांचीच. बाबा चारचौघांत कडाडले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" आत्या उठून चालती झाली. पुढे कधीतरी बाबांच्या कुऱ्हाडीचा दांडा खरोखरच मोडला. मी अमरावतीत राहते, दोन्ही घरांच्या मधे, म्हणून निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. बाबा म्हणाले, "तिले म्हन, दांड्याचं लय समजते ना तुले, तं घालून दे." हा टोमणाच होता, पण आत्यानं कुऱ्हाड ठेवून घेतली आणि नवा दांडा घालून परत धाडली.

आणि तिला खरंच समजायचं. संत्र्याची बाग होती, वाळलेल्या फांद्यांची सल काढायची, थकलेली झाडं तोडायची, त्यामुळे कुऱ्हाडीशी तिचा रोजचा घरोबा. बाजारात ती दांडे निवडायची ते मुलगी पाहायला आलेल्या सासूसारखी. धावड्याच्या लाकडाचाच हवा. एक डोळा मिटून तो सरळ आहे का पाहायचा, मग टोकाशी लाकडाच्या रेषा बघायच्या. रेषा पात्याच्या दिशेनं धावल्या तर ठीक, आडव्या गेल्या तर पहिल्याच गाठीवर फाटणार. मग दगडावर आपटून आवाज ऐकायचा. दुकानदारानं चकचकीत पॉलिशवाला पुढे केला की म्हणायची, "पावडर लावून कायले दाखवून राहिला बावा? हात सटकते त्याच्यानं." घरी आणून ती दांडा घासायची, बाभळीची पाचर ठोकायची, जवसाचं तेल जिरवायची. ढिली कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवणाऱ्यांची तिला भारी चीड. "पान्यानं लाकूड फुगते, वाळलं का पुन्हा ढिल्लं. रुसलेल्या मानसाले पेढा देल्यावानी."

नवल असं, की इतक्या निगुतीनं घातलेला दांडा दरसाल मोडायचा. दरसाल मी पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड घेऊन एसटीत बसायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाई, कोनाचा काटा काढाले चालल्या?" बाबांची अट एकच, मोडका दांडाही सोबत न्यायचा. आधी पाण्याच्या बंबासाठी लाकडं फोडावी लागत, ते समजू शकते. पण न्हाणीत गिझर लागला तरी दांडे मोडतच होते! हे काही मला सुधरेना. शेवटी मी आत्यालाच विचारलं, की तुझी एवढी पारख, मग दांडा वर्षभरही का टिकत नाही?

तिनं ओसरीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या मोडक्या दांड्यांतला एक उचलून माझ्यासमोर धरला. "कामानं मोडते तो पात्यापाशी मोडते. हा पाह्य, मधातून गेला. इथं दगडाचा वण हाये. दोन दगडाइवर आडवा ठेवला अन् वरून धोंडा घातला. हा मोडला नाई वं, मोडवला."

"मग बाबांशी बोलत का नाहीस?"

"बोलूनच तं राहिलो आमी दोघं," ती हसली. "तू त्याले सांगू नको. सांगशीन तं पुढच्या साली कुराड येनार नाई."

मी सांगितलं नाही. बरं केलं की चुकलं, अजून कळत नाही...

बाबा वरूडला आले ते तिला पोचवायलाच. सगळं आटोपल्यावर ओसरीत टेकले आणि कोपऱ्यातला ढीग त्यांना दिसला. एक दांडा उचलून त्यांनी मधला वण अंगठ्यानं चाचपला.

"जाळले कावून नाई हिनं?"

"तिला माहीत होतं बाबा. पहिल्यापासून."

ऐंशीला टेकलेला माझा बाप दांडा मांडीवर घेऊन रडला. तिला जी म्हण ऐकवली होती, तिचं काय करावं हे त्यांना त्या दिवशी समजत नसावं. मला तर अजिबात समजत नव्हतं.

यंदाचा दांडा तिनं घालून ठेवला होता. कुऱ्हाड आता चांदूरला बाबांच्या खाटेमागे उभी असते. ते मधूनमधून फडक्यानं जवसाचं तेल लावतात, पाचर दाबून पाहतात, लाकूड मात्र एकही फोडत नाहीत. परवा मी तिथेच असताना पांधणीवाला शेजारी आला. घरी लग्नाची चूल मांडायची होती, दोन दिवसांसाठी कुऱ्हाड हवी होती.

"पांधण ने लागन तं," बाबा म्हणाले. "कुराड नाई भेटत. दांडा मोडला तं घालून देनारं कोनी नाई आता."